बारा व्होल्टांचा नाद

कोणत्याही मुलखाचे दप्तर उघडले तर त्यात जमिनीचे, पाण्याचे आणि सत्तेचे कागद सापडतात. आवाजाचे दप्तर मात्र कोणी ठेवीत नाही. त्यामुळेच बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील कारखानदारीचा इतिहास लिहिताना उसाचा भाव, गाळपाचे आकडे आणि संचालकांच्या निवडणुका यांची बारकाईने नोंद होते. पण गळिताच्या दिवसांत नीरा-बारामती रस्त्याने उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत जाणाऱ्या ट्रॅक्टरवरून जो ध्वनीचा लोंढा मध्यरात्री सोमेश्वरनगरच्या दिशेने वाहत असतो, त्याच्यामागे एका स्वतंत्र कसबाची परंपरा उभी आहे, हे कोणाच्या फारसे ध्यानी येत नाही. ऐकणारे कानांवर हात ठेवतात, वाजविणारे खूष असतात, आणि ज्याने हे घडवून आणले तो वाहनांच्या तारा जोडणारा कारागीर दोघांच्याही विस्मरणात जातो. प्रस्तुत निबंध त्या विस्मृत कारागिराच्या विद्येविषयी आहे.

१८७६ ते १८७८ या सालांतील भीषण दुष्काळाने दख्खनचा हा भाग होरपळून निघाल्यानंतर सरकारास पाटबंधाऱ्यांचे महत्त्व पटले, आणि १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहता झाला. भाटघरच्या जलाशयातून सोडलेले पाणी नदीच्या उत्तर अंगाने बारामतीकडून इंदापूरकडे जाऊ लागले, आणि जेथे बाजरीचे पीकही पावसाच्या मर्जीवर अवलंबून असे तेथे ऊस उभा राहू लागला. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी पाणीवाटपाच्या ब्लॉक पद्धतीची योजना राबविली ती याच नीरा कालव्यावर. पुढे वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब या गावाच्या रानात साखर कारखाना उभारला, आणि त्या वसाहतीस वालचंदनगर हे नाव पडले. स्वातंत्र्योत्तर काळात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी घालून दिलेला सहकाराचा कित्ता नीरेकाठीही गिरविला गेला. माळेगाव आणि भवानीनगर येथील कारखान्यांच्या पाठोपाठ करंजे गावच्या सोमेश्वराचे नाव धारण करणारा सहकारी कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या भोवती सोमेश्वरनगर वसले.

ऊस फडातून गव्हाणीपर्यंत आणावयाचा म्हणजे वाहन हवे, आणि आरंभीचे वाहन म्हणजे बैलगाडी. मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून मुकादमाची उचल घेऊन आलेल्या टोळ्या पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधून गाड्या भरीत, आणि कारखान्याच्या तळावर रात्रभर नंबराची वाट पाहत. या गाड्यांनाही स्वतःचा नाद होता. बैलांच्या गळ्यांतील घुंगरमाळा हा केवळ अलंकार नव्हता. अंधाऱ्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यास सूचना देणे, गाडीवानाची झोप उडविणे आणि जनावरांच्या पावलांना एक लय लावून देणे अशी तिहेरी कामगिरी त्यांच्याकडे असे. वाहनाने वाजत जावे ही अपेक्षा म्हणजे ट्रॅक्टरवाल्याने नव्याने काढलेले खूळ नव्हे. ती त्याला गाडीवानाकडून वारशाने मिळाली. बदलले ते एवढेच, की घुंगरांचा आवाज बैलाच्या चालीतून निघत असे आणि त्याहून मोठा होणे त्याला शक्य नव्हते.

विजेवर चालणारा आवाज रस्त्यावर प्रथम आला तो बहुधा निवडणुकीच्या आणि सिनेमाच्या जाहिरातीच्या गाडीतून. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर टपावर कर्णा बांधलेली जीप हे ग्रामीण महाराष्ट्रातील परिचित दृश्य होऊन बसले. युद्धकाळात घडलेली विलीज जीप सहा व्होल्टांच्या बॅटरीवर चाले, आणि त्या काळच्या नळ्यांच्या वर्धकाला, म्हणजे अँप्लिफायरला, तर शेकड्यांत मोजावयाचे व्होल्ट लागत. हा मेळ घालण्यासाठी व्हायब्रेटर नावाची एक युक्ती वापरीत. बॅटरीकडून येणारा सरळ प्रवाह एका कंप पावणाऱ्या पट्टीने क्षणोक्षणी तोडावयाचा, त्या तुटक प्रवाहास रोहित्रातून नेऊन त्याचा दाब वाढवावयाचा, आणि मग तो पुन्हा सरळ करून नळ्यांना पुरवावयाचा. ही पट्टी गुणगुणत असे आणि कालांतराने तिचे स्पर्शबिंदू जळत. तिच्यामागची कल्पना मात्र टिकून राहिली. आजच्या मोटारीतील हजार वॅटांचा अँप्लिफायर आपल्या पोटात नेमके हेच करतो, फक्त पट्टीच्या जागी ट्रान्झिस्टर बसलेले असतात.

रेडिओही याच सुमारास खेड्यात स्थिरावत होता. १९५३ साली सुरू झालेल्या आकाशवाणीच्या पुणे केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला, आणि आवाज ही सार्वजनिक वस्तू आहे, चार जणांनी एकत्र बसून ऐकावयाची बाब आहे, हा संस्कार दृढ झाला. स्वतःच्या मोटारीत रेडिओ असणे मात्र त्या काळी फार थोड्यांच्या नशिबी होते. रेडिओस टपाल खात्याचा वार्षिक परवाना लागे, आणि मोटार हीच मुळात दुर्मिळ होती. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. ज्या वालचंदांनी इंदापूरच्या माळावर साखर कारखाना उभारला, त्यांनीच १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. पुढे तिच्या फियाट आणि पद्मिनी या गाड्या सुस्थितीतील बागायतदाराच्या दारात शोभू लागल्या, आणि त्यांच्यात रेडिओ बसवून घेण्याची हौस ऊस उत्पादकाच्या घरी उसाच्याच पैशावर पुरविली गेली.

हौस पुरविणारा कारागीर येतो तो या टप्प्यावर. रस्त्यालगतच्या टपरीत बसणारा हा मनुष्य मूळचा बॅटऱ्या चार्ज करून देणारा आणि डायनामो दुरुस्त करणारा. आर्मेचरच्या गुंडाळ्या भरणे, झिजलेले कार्बन बदलणे, आणि कटआउट उघडून त्याचे स्पर्शबिंदू घासून साफ करणे हा त्याचा नित्याचा व्यवसाय. त्या काळच्या लुकास डायनामोची ऐपत जेमतेम वीस-बावीस अँपिअरची. त्यातले सात-आठ अँपिअर पुढचे दोन दिवेच खाऊन टाकीत, आणि इंजिन मंद चालत असताना डायनामो जवळपास काहीच देत नसे. शिवाय ब्रिटिश घडणीच्या अनेक जुन्या वाहनांत बॅटरीचे धन अग्र लोखंडी सांगाड्याला जोडलेले असे, तर नव्या रेडिओस ऋण अग्र सांगाड्याला हवे असे. हा भेद न ओळखता तार जोडली की नवाकोरा संच क्षणार्धात निकामी होई. त्यामुळे आधी सांगाड्याची खूण पाहावयाची आणि मगच तारेस हात लावावयाचा, हा या विद्येचा पहिला पाठ ठरला.

फिलिप्स कंपनीने १९६३ साली जगापुढे ठेवलेली कॅसेट आपल्याकडे खेडोपाडी पोचण्यास १९८० चे दशक उजाडावे लागले. पण ती आली तेव्हा रेडिओच्या परवान्याचे बंधनही सुटले होते आणि ट्रॅक्टरही घरोघरी येऊ लागला होता. डायनामोची जागा आल्टर्नेटरने घेतली; तो मंद गतीतही प्रवाह देई, आणि त्याची ऐपत पस्तीस-चाळीस अँपिअरांपर्यंत गेली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते, लावण्या, भीमगीते आणि हिंदी चित्रपटांतील गाणी एकाच डब्यात बाळगून ट्रॅक्टरचालक रात्रीच्या खेपा करू लागला. परंतु या टेपच्या आवाजास एक नैसर्गिक मर्यादा होती. बारा-चौदा व्होल्टांवर थेट चालणाऱ्या संचाला चार ओहमच्या स्पीकरमध्ये, दोन वर्धक परस्परविरुद्ध जोडूनही, वीस-पंचवीस वॅटांपलीकडे निर्मळ आवाज देता येत नाही. ही मर्यादा कोणत्याही सरकारी हुकुमाने घातलेली नव्हती. ती बॅटरीच्या सहा कोषांतच वसत होती. इंजिनाच्या धडधडाटावर मात करून गाणे चालकाच्या कानी पडे आणि फार तर शेजारच्या वस्तीवर ऐकू जाई, एवढ्यावर सर्व भागत असे.

ही मर्यादा मोडली ती अंतर्गत दाब वाढवून घेणाऱ्या अँप्लिफायरने. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीतून असले अँप्लिफायर आणि भले मोठे वूफर तालुक्याच्या गावी येऊ लागले तेव्हा वायरिंगवाल्यापुढे नवेच कोडे उभे राहिले. संच उत्तम, स्पीकर उत्तम, बॅटरी नवी. तरीही ढोलाचा ठोका पडला की ट्रॅक्टरचे दिवे मिचकावत, आवाज फाटे, आणि पहाटे सेल्फ मारावा तर बॅटरी उतरलेली. ग्राहक संचाला दोष देई, दुकानदार बॅटरीला. दोष दोहोंचाही नव्हता. तो मधल्या तारेचा होता.

कालव्याच्या मुलखातील माणसाला हे समजावून देणे अवघड नव्हते, कारण टेलच्या शेतकऱ्याची तक्रार त्याने जन्मभर ऐकलेली असते. धरण तुडुंब भरलेले आहे, विमोचकातून पाणी सुटलेले आहे, पण चारी अरुंद असेल, तिच्यात गाळ साचलेला असेल, तर शेवटच्या वावरापर्यंत पोचते ते केवळ ओलसर आश्वासन. तारेचेही तसेच. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार बॅटरीपासून पाच मीटर दूर नेली आणि तिच्यातून पन्नास अँपिअर ओढले, तर वाटेतच पावणेदोन व्होल्ट खर्ची पडतात, आणि ते सुमारे नव्वद वॅटांची उष्णता होऊन तारेचे आवरण भाजून काढतात. तीच तार पंचवीस चौरस मिलिमीटरची घेतली की ही तूट एक दशांशावर येते. खरोखरीचे हजार वॅट काढावयाचे असतील, आणि वर्धकाने घेतलेल्या शक्तीपैकी साठ टक्के ध्वनीच्या कामी लागते असे मानले, तर ठोक्याच्या क्षणी बॅटरीकडून सव्वाशे ते एकशेचाळीस अँपिअरची मागणी होते. मूळ वाहन घडविणाऱ्याने एवढ्या प्रवाहाची कल्पना केली होती ती फक्त एका जागी, म्हणजे सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलीत. आणि नीट निरीक्षण करणाऱ्या कारागिराने आपला धडा गिरविला तो त्या केबलीकडे पाहूनच.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान, कारखान्याचा बॉयलर पेटण्याच्या बेतात असताना, ट्रॅक्टर हंगामासाठी सजवून घेण्याची धांदल उडते. त्या वेळी या कामाची रीत जवळून पाहण्याजोगी असते. कारागीर प्रथम बॅटरीचे ऋण टोक सोडतो, कारण पान्हा चुकून लोखंडास लागला तर ठिणगी उडावयास नको. मग आल्टर्नेटरच्या धन टोकापासून बॅटरीपर्यंत मूळ तारेच्या जोडीला एक जाड तार टाकतो, कारण खर्च वाढला तर जमेची वाटही रुंद हवी. त्यानंतर अर्थिंग. ट्रॅक्टरला मोटारीसारखा निराळा सांगाडा नसतो. इंजिनाचे आणि गिअरपेटीचे ओतीव लोखंड हाच त्याचा कणा. त्यावरील रंग कानशीने घासून, चकचकीत धातू दिसू लागल्यावरच तेथे थिंबल आवळावयाचे. स्पीकर बहुधा वरच्या हूडवर असतात, आणि हूड रंगविलेल्या बोल्टांनी बसविलेले. म्हणून जाणता कारागीर तेथील लोखंडावर विसंबत नाही, तर बॅटरीच्या ऋण टोकापासून अँप्लिफायरपर्यंत स्वतंत्र तार नेतो. या कामी वेल्डिंगची केबल अनेक जण पसंत करतात, कारण तिच्यातील बारीक तांब्याचे शेकडो धागे कंपनांनी सहज तुटत नाहीत. बाजारात याच जाडीची, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त तारही मिळते. तिचा रोध दीडपटीहून अधिक असतो, आणि चाकूने एक धागा खरवडून आतला पांढरा रंग पाहिल्याशिवाय अनुभवी हात ती विकत घेत नाहीत.

शेवटी फ्यूज. तो बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत बसवावयाचा असतो, आणि त्याचे माप ठरते ते अँप्लिफायरच्या भुकेवरून नव्हे, तर तारेच्या सोसण्यावरून. अनेक मालकांना हे मानवत नाही. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्याच्या जागी नुसत्या तारेचा तुकडा आवळून घेणारे महाभाग असतात, आणि वाळलेल्या पाचटाने भरलेल्या ट्रॉलीच्या पुढे डिझेलच्या टाकीशेजारून अशी बेवारस तार नेणे म्हणजे आगीस आवतण देणेच होय. दुसरी बॅटरी जोडण्याचा मोहही असाच फसवा. नव्या बॅटरीच्या शेजारी जुनी, थकलेली बॅटरी समांतर जोडली की ती नवीला रात्रभर शोषीत राहते; आणि दोन्ही नव्या असल्या तरी आल्टर्नेटर तोच राहिल्यास जमाखर्चाचा मेळ बसत नाही. बॅटरी हा साठा आहे, उत्पन्न नव्हे, हे उचल घेऊन हंगाम काढणाऱ्या माणसांच्या मुलखात वेगळे सांगावयास नको.

ही सारी विद्या कोणत्या शाळेत शिकविली गेली, असा प्रश्न केला तर उत्तर विचित्र येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून विजेचे शिक्षण मिळे, पण ते घरगुती आणि कारखान्याच्या विजेचे. बारा व्होल्टांची विद्या गुरुशिष्यपरंपरेने चालत आली. पुण्याच्या नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांत खेपा घालणारा पोऱ्या पुढे उस्तादाच्या हाताखाली बसे, आणि उस्तादाने तार हातात धरून ती किती कोमट झाली यावरून प्रवाहाचा अदमास कसा घ्यावा हे त्याला दाखविलेले असे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओचा कारखाना येऊन तीनचाकी गाड्या मोठ्या संख्येने रस्त्यावर आल्या तेव्हा या कारागिरांच्या कामाचे क्षेत्र विस्तारले. डीजेच्या भिंती उभारणाऱ्यांनी मात्र पुढे आल्टर्नेटरचा नाद सोडून स्वतंत्र जनरेटर जवळ केला, आणि ती शाखा निराळी झाली. ट्रॅक्टर, पिकअप आणि हौशी मोटार एवढेच बारा व्होल्टांच्या कारागिराचे राज्य उरले.

मर्यादा मोडण्याचा हा पराक्रम निष्कंटक नव्हता. तळावर नंबराची वाट पाहत उभ्या असलेल्या रांगेत एका ट्रॅक्टरचा टेप दुसऱ्याशी स्पर्धा करू लागला, आणि पलीकडे पाचटाच्या खोपीत पहाटे चारला उठून फडात जावयाचे असलेल्या मजूर बायकांची झोप मोडू लागली. मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न चालकाच्या कानी पडेनासा झाला, आणि दोन ट्रॉल्यांच्या लांबीमुळे आधीच अवघड असलेले ओव्हरटेक जिवावर बेतू लागले. २००० साली केंद्र सरकारने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा ठरली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात ध्वनिक्षेपकास मनाई झाली. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा दंडक अधिक ठामपणे अधोरेखित केला. हंगाम सुरू झाला की कारखाने आणि पोलीस ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याच्या सूचनेसोबत टेपचा आवाज आवरण्याचीही ताकीद देतात. ती काही दिवस पाळली जाते, आणि पुन्हा मागील पान पुढे चालू राहते.

या ताकिदीस पुरते यश का येत नाही, याचे उत्तर या इतिहासातच आहे. घुंगरमाळेच्या काळी आवाजाची मर्यादा बैलाच्या चालीत होती, डायनामोच्या काळी ती वीस-बावीस अँपिअरांत होती, कॅसेटच्या काळी ती बारा व्होल्टांत होती. आवाज करणाऱ्यास संयम शिकविण्याची गरजच पडत नसे, कारण तो संयम साधनाच्या अंगी होता. जाड तारेने तो काढून घेतला, आणि साधनाने सोडलेले काम कायद्यावर येऊन पडले. कायद्याचा माणूस चौकात उभा असतो; मर्यादा मात्र सोबत चालणारी हवी. आजची वाहने संगणकाच्या ताब्यात गेली आहेत, त्यांच्या आल्टर्नेटरवरही संगणकाची नजर असते, आणि मूळ तारांस परक्याचा हात लागला तर कंपनी हमी नाकारते. त्यामुळे हा व्यवसाय उद्या आक्रसेलही. पण जोवर तो आहे, तोवर गावातला प्रत्येक मोठा आवाज एकाच माणसाच्या हाताखालून जातो, आणि अँप्लिफायरवरील आवाजाची मूळ पातळी बांधून देणारा छोटा स्क्रू फिरविणाराही तोच असतो. कारखान्यांनी हंगामापूर्वी चालकांच्या सभा घ्याव्यात, हे योग्यच. परंतु त्या सभेस परिसरातील वायरिंगवाल्यांनाही सन्मानाने पाचारण करावे, आणि तारेची सोसण्याची शक्ती पाहून फ्यूज ठरविणाऱ्या या माणसांवर शेजाऱ्याची सोसण्याची शक्ती पाहून आवाज ठरविण्याची जबाबदारी सोपवावी. मालकाने हुज्जत घातली तरी फ्यूजच्या जागी तार आवळण्यास नकार देणारे कारागीर या रस्त्यावर पूर्वीही होते आणि आजही आहेत; आवाजाच्या बाबतीत त्यांचा शब्द दंडाच्या पावतीपेक्षा अधिक काळ टिकेल.